दाताळ्याचा वारस

लिंडसे हॉकिंगच्या मते त्याच्या साडूत एकच दोष होता, तो म्हणजे त्याची बादली नेहमी भरलेली असे. दर जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, दोन्ही कुटुंबे अ‍ॅडलेडहून दोन-अडीच तासांवर, यॉर्क द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर असलेल्या सासूबाईंच्या पत्र्याच्या घरी उतरत. ओहोटी लागली की दोघे साडू दाताळी घेऊन गुडघाभर पाण्यात शिरत आणि वाळूत दडलेले निळे खेकडे उपसत. ग्रँटली ट्रेझीस तासाभरात वीस खेकडे घेऊन शीळ घालीत परते. लिंडसे तीन घेऊन परते, आणि त्यांतले दोन कायद्याच्या मापात भरत नसल्यामुळे पुन्हा समुद्रात सोडावे लागत.

यंदा प्रकरण हातघाईवर आले. ब्याऐंशीव्या वाढदिवशी सासूबाई ओल्विन यांनी न्याहारीच्या टेबलावर दिवंगत नवऱ्याचे दाताळे आणून ठेवले. सासऱ्यांनी हयातीत ते लिंडसेच्या हाती एकदाही दिले नव्हते. ग्रँटलीच्या हाती मात्र दोनदा दिले होते, आणि त्या दोन्ही तारखा लिंडसेला पाठ होत्या.

"आज साडेसातच्या जेवणाआधी जो मापातले वीस खेकडे आणील, त्याचं हे," ओल्विन म्हणाल्या.

"मग ग्रँटलीच्या गाडीतच ठेव ना आई, उगाच टेबलावर जागा अडते," रॉझलिन म्हणाली. ती लिंडसेची स्वतःची बायको होती, हे विशेष बोचणारे.

लिंडसेने मासेमारीच्या आमिषाच्या दुकानातून आणलेला भरती-ओहोटीचा तक्ता उघडला. ओहोटीचा तळ नऊ वाजून दहा मिनिटांनी होता. "म्हणजे दहा वाजून दहाला," तो म्हणाला. "उन्हाळ्यात घड्याळं आपण तासभर पुढे करतो, चंद्र करत नाही."

साडेनऊला त्याने आपली गाडी ओल्या वाळूवरून सर्वांच्या पुढे, थेट पाण्याच्या कडेशी नेली. मागच्या उघड्या हौद्यात, दाताळ्याने दगा दिलाच तर जाळ्याला लावण्यासाठी, माशांच्या मुंडक्यांच्या दोन पिशव्या तोंड उघडून ठेवल्या होत्या. समोरून ग्रँटली बादली घेऊन परतत होता.

"अरे, आत कुठे निघालास? पाणी फिरलं की!"

"अजून पाऊण तास आहे."

"तक्त्यात नऊ वाजून दहा लिहिलंय."

"आणि त्यात एक तास कोणी मिळवायचा, तुझ्या काकानं?"

"छापणाऱ्यानं मिळवलाय, बाबा. वरच लिहिलंय. माझे सोळा झालेत. उरलेले चार धक्क्यावरून काढतो."

हे बोलणे लिंडसेला निव्वळ मत्सराचे वाटले. तो दूरच्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत चालत गेला. दहा वाजून दहाला, सिद्धान्ताप्रमाणे घोट्याशी असायला हवे ते पाणी कमरेशी होते. त्याने वाऱ्याला दोष दिला. साडेदहाला मात्र त्याने मागे पाहिले, तेव्हा गाडीची चाके दिसत नव्हती.

ग्रँटलीनेही किनाऱ्यावरून तेच पाहिले. हातची बादली वाळूवर टाकून तो होडी ओढायचा जुना ट्रॅक्टर आणायला धावला. ट्रॅक्टर विसाव्या प्रयत्नाला सुरू झाला. तेवढ्या वेळात समुद्राने लिंडसेची गाडी खिडक्यांपर्यंत गिळली होती आणि ग्रँटलीची बादली सोळा खेकड्यांसह नेली होती.

"आता संध्याकाळी पाणी उतरेपर्यंत बोंबला," भिजून परतलेल्या लिंडसेकडे पाहून ओल्विन म्हणाल्या.

पाणी चाकांपर्यंत उतरल्यावर, सातच्या सुमारास, साऱ्या किनाऱ्याच्या देखत ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. दारांतून पाणी गळत होते, इंजिनाने राम म्हटला होता. तोच हौद्यातून खडखडाट ऐकू आला. रॉझलिनने आत डोकावले आणि किंचाळली. माशांच्या मुंडक्यांवर बावीस निळे खेकडे नांग्या उगारून बसले होते.

ओल्विन यांनी पट्टी मागवली आणि एकेक खेकडा मोजला. दोन पिल्ले निघाली, ती सोडली.

"वीस," त्या म्हणाल्या.

"हे काय त्यानं दाताळ्यानं धरलेत?" ग्रँटली उसळला.

"दाताळ्यानं धरा असं मी म्हटलंच नव्हतं. हा माणूस सत्तावीस वर्षं माझ्याशी शब्दाशब्दावरून भांडतोय. आज पहिल्यांदा शब्द त्याच्या बाजूनं पडलाय. घे रे लिंडसे."

दाताळ्याचा दांडा हातात फार गुळगुळीत लागला. त्या रात्री ग्रँटलीने एक खेकडाही खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंडसे मांडीवर दाताळे घेऊन पडवीत बसला होता. खाली, पाण्याच्या अगदी कडेला, ग्रँटलीची महिनाभरापूर्वी घेतलेली गाडी उभी होती. तोंड किनाऱ्याकडे, हौदा समुद्राकडे, आणि हौद्यात चार पिशव्या मुंडकी.

"लिंडसे!" ग्रँटली खालून ओरडला. "तक्ता आहे ना तुझ्याकडे? पाणी फिरायला किती वेळ आहे रे?"

लिंडसेने तक्ता उघडला. या वेळी सर्वांत वरची बारीक ओळ त्याने दोनदा वाचली. मग घड्याळाकडे पाहिले. पाणी फिरून सात मिनिटे झाली होती. त्याने तक्त्याची नीट घडी घातली.

"अजून तासभर!" तो म्हणाला.