हत्तीचा भाव वाढला!

“मालन, घरावर दरोडा पडला तरी चालेल, पण कॉम्प्युटरला हात लावायचा नाही!”

मानपाड्याच्या कंपनीत ड्यूटीला निघताना उत्तमरावांनी दिलेला हा हुकूम मालनच्या कानात अजून घुमत होता. ती वाती वळत बसली होती आणि समोर कॉम्प्युटर आपला आपल्याशीच बुद्धिबळ खेळत होता. उत्तमराव त्यात प्रत्येक सोंगटीची किंमत आपल्या मनाने भरायचे, घोडा इतका, उंट इतका, आणि मग ते नवं सेटिंग जुन्याशी दिवसभर झुंजवायचे. ताज्या सेटिंगचं नाव होतं ‘उत्तम विक्रम’! रविवारी आंबिवलीच्या मित्राच्या, बाबुरावांच्या, सेटिंगशी त्याचा सामना ठरला होता.

“हरलो तर पूर्वेचा कोपरा तुझ्या देवांना परत!” उत्तमरावांनी छाती ठोकून वचन दिलं होतं. कॉम्प्युटर आल्यापासून देव्हारा फ्रिजवर चढला होता, आणि मालन बल्ब बदलावा तशी स्टुलावर उभी राहून पूजा करत होती. देव खाली यावेत असं तिला फार वाटे. पण नवरा हरावा, हे मागायचं कोणत्या तोंडाने? भजनी मंडळात तिनेच तर सांगितलं होतं, “आमचे हे कॉम्प्युटरला शिकवतात!”

तेवढ्यात पडद्यावर ‘उत्तम विक्रम’ने एका घोड्यासाठी हत्ती देऊन टाकला!

मालनच्या हातातला कापूस गळला. संकष्टीच्या दिवशी हत्तीचा बळी? तोही आपल्या घरात? पडद्यावर तो बुरुजासारखा दिसे, पण हत्ती तो हत्तीच! किंमत कशी बदलतात ते तिने रोज पाहिलं होतं. डाव संपताच तिने हात जोडले आणि हत्तीला थेट वजिराचा भाव दिला.

चंद्रोदयानंतर सांगू, असं ती ठरवून बसली. पण उत्तमराव आले ते निकाल बघून नाचायलाच लागले. “जिंकतोय गं जिंकतोय!” मग कसलं सांगणं!

रविवारी बाबुरावांनी फ्लॉपी घातली आणि डाव सुरू झाला. उत्तमरावांचे हत्ती सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे कोपऱ्यात बसून राहिले. वजीर मात्र केव्हाच मारला गेला.

“काय उत्तमराव, वजिराने राजीनामा दिला वाटतं?”

डाव कसाबसा बरोबरीत सुटला. उत्तमराव घामाघूम. “हे मी भरलंच नव्हतं!”

“अहो,” मालन हळूच म्हणाली, “हत्तीचा भाव मी वाढवला. संकष्टी होती ना.”

बाबुरावांना पोह्यांचा ठसका लागला. “तो डाव रद्द! तुमचं मूळचं लावा.”

“आता बघाच!” उत्तमरावांनी बाह्या सरसावल्या.

चहा निवायच्या आत उत्तमरावांवरच मात झाली. पुन्हा लावला, पुन्हा मात. तिसऱ्यांदा तर राजाला पळायला घरच उरलं नाही.

“वहिनींच्या हत्तीने निदान लाज राखली हो!” बाबुराव फ्लॉपी काढत म्हणाले. “वहिनी, माझ्या घोड्यांचं काय करू?”

“आज रविवार, भावजी,” मालन गंभीरपणे म्हणाली. “सूर्याचे घोडे. जपाच त्यांना.”

आणि बाबुरावांनी ते खरंच खिशातल्या कागदावर टिपून घेतलं! मालनने पदर तोंडाला लावला. हसू लपलं, अभिमान काही लपेना.

पाहुणे गेले. उत्तमरावांनी प्लग काढला, वायरी गुंडाळल्या आणि ओलं फडकं घेऊन ते पूर्वेचा कोपरा पुसायला लागले.