आत्यांचा पाऊस

आत्यांनी गच्चीवर पाऊल टाकलं आणि त्यांची भेंडी तुरुंगात गेलेली त्यांना दिसली.

गच्चीच्या मधोमध एक उंच खांब उभा राहिला होता. त्यावर गरगर फिरणाऱ्या वाट्या, एक काळी सौर पाटी आणि खालच्या अंगाला पांढरं नरसाळं. खांबाभोवती लोखंडी जाळीचं कुंपण होतं, तेही अगदी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भेंडीच्या आणि टोमॅटोच्या कुंड्या पलीकडे, कठड्याला टेकून, अडकून पडल्या होत्या.

"अहो!" आत्यांनी जिन्यातून हाक मारली. "हे काय उभं केलंय?"

आतोबा छाती पुढे काढूनच वर आले. आत्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत आणि सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणे, त्यामुळे त्यांचे यजमान आपोआप आतोबा झाले होते. नोकरीभर त्यांनी घरोघरी विजेचे मीटर वाचले होते. मीटर म्हणेल ते खरं, माणूस म्हणेल ते तपासून घ्यायचं, ही त्यांची श्रद्धा निवृत्तीनंतरही ढळली नव्हती.

"हवामान केंद्र आहे ते. स्वयंचलित!" ते म्हणाले. "दुष्काळ कुठे, पूर कुठे, पाणी कुठे पाठवायचं, हे सगळं आता आकड्यांवर ठरणार. सगळ्या देशाचा आराखडा व्हायचाय. त्यात आपल्या भागाचे आकडे आपल्या गच्चीवरून जाणार. मी सही दिली."

"आणि माझ्या भेंडीला पाणी कुठून जाणार?"

आतोबांनी जाळीकडे पाहिलं, भेंडीकडे पाहिलं आणि सही देताना हा मुद्दा निघाला नव्हता, असं कबूल केलं.

आत्यांनी मग स्वतःच तोड काढली. भाजी धुतलेलं, कपडे खळबळलेलं पाणी त्या एका टबात साठवत असत. गल्लीत नळ नावालाच होते, खरी भिस्त टँकरवर. सकाळी तो टब जाळीपाशी ओढून आणायचा, पदर खोचायचा आणि मग्गा भरून असा काही हात फिरवायचा की पाणी जाळीवरून, खांबावरून झेप घेऊन पलीकडच्या कुंड्यांत पडावं. बरंचसं पडेही. उरलेलं कुठे जातं, याचा विचार करायला त्यांना सवड नव्हती.

ते नरसाळ्यात जात होतं. नरसाळ्यात पाणी पडलं की आतली इवलीशी वाटी डुले आणि तेवढा पाऊस आपोआप हवामान कचेरीत नोंदला जाई.

काही आठवड्यांनी टँकर यायचा बंद झाला. आधी वाटलं, चाक निखळलं असेल. मग वाटलं, चालक लग्नाला गेला असेल. शेवटी आत्यांनी पाणी खात्याला फोन लावला.

"तुमच्याकडे रोज पाऊस पडतोय की," तिकडचा कारकून म्हणाला. "टँकर काय शोभेला पाठवायचा?"

"कुठे पडतोय?"

"तुमच्या गल्लीत. रोज सकाळी. आमच्यासमोर लिहिलंय. नव्या आराखड्यात तुमचा भाग 'पाणीसंपन्न' धरलाय. पुढच्या फेरआढाव्यापर्यंत तसाच राहणार."

आत्यांनी बाहेर पाहिलं. समोरच्या घरचे आजोबा एका तांब्यात तोंड धुऊन, त्याच पाण्यात पाय बुडवून बसले होते. "संपन्न," आत्या म्हणाल्या आणि फोन आपटला.

त्याच आठवड्यात, साठवून ठेवलेल्या चादरी एकदाच्या धुवून काढायच्या म्हणून शेजारणींनी आत्यांच्या मोरीत विहिरीवरून आणलेलं पाणी एकत्र केलं. चादरी निघाल्या, टब काठोकाठ भरला, आणि एवढं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून आत्यांनी दुसऱ्या दिवशी सगळंच भेंडीला घातलं. दुपारी भोंगा वाजवत एक ट्रक गल्लीत शिरला. त्यातून नारिंगी जाकिटं घातलेले धिप्पाड जवान उतरले आणि त्यांनी फुफाट्यात एक रबरी होडी उतरवली.

"बाजूला व्हा! घाबरू नका!" पथकाचा प्रमुख ओरडला. घाबरलेलं कुणीच नव्हतं. सगळे होडी बघायला दारात आले होते. प्रमुखाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "पूर कुठे आहे?"

"आम्हाला काय माहीत?" आत्या म्हणाल्या. "तुम्हीच आणला असेल तर द्या, भरून ठेवतो."

"बाई, सकाळी इथे ढगफुटी झाल्याची नोंद आहे."

"किती वाजता?"

प्रमुखाने वेळ सांगितली. आत्यांनी मान वर करून गच्चीकडे पाहिलं. आतोबांनीही पाहिलं आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. होडी पुन्हा ट्रकवर चढेपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला आणि मग आत्यांना आतल्या खोलीत ओढलं.

"अगं, तो पाऊस तू पाडलास!"

"कळलं मला."

"सरकारी यंत्र आहे ते! आत टाकतील दोघांना. ऐक माझं, आजपासून पाणी घालणं बंद. एक शब्द कुठे बोलायचा नाही. आपोआप निवळेल सगळं."

"काय निवळेल? आकडे आराखड्यात जाऊन बसलेत. मी आज थांबले तरी फेरआढाव्यापर्यंत गल्लीने काय प्यायचं? तुमची सही?" आत्यांनी चपला पायात सरकवल्या. "मी कचेरीत चाललेय."

"काय सांगणार तिथे?"

"हेच. पाऊस मी पाडला म्हणून. तुम्ही गच्चीवर टब भरून ठेवा, मी फोन करीन."

हवामान कचेरीतल्या साहेबांची खोली गारेगार होती आणि भिंतभर पडदा होता. पडद्यावर नकाशा, नकाशावर रंगीत ठिपके. आत्यांच्या गल्लीचा ठिपका गर्द निळा. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्या निळ्या ठिपक्यावर त्यांचा जीव होता. कोरड्या मुलखात सापडलेला हा पावसाळी कोपरा त्यांनीच मोठ्या बैठकीत मांडला होता आणि तिथे त्यांचं कौतुकही झालं होतं.

"बाई, यंत्र खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

"ते बिचारं कशाला खोटं बोलेल? पाणी पडलं, त्याने सांगितलं. ढगातून पडलं की माझ्या मग्ग्यातून, हे त्याला कुणी विचारलंय?"

"असं कुणीही येऊन सांगेल. पुरावा काय?"

"दाखवते." आत्यांनी घरी फोन लावला आणि आवाज मोठा केला. "अहो, गच्चीवर या."

"आलोय," आतोबांचा बारीक आवाज आला. "सगळी गल्लीच आलीय. घराघरातून वापरलेलं पाणी गोळा केलंय. समोरच्या आजोबांनी पाय धुतलेलंसुद्धा दिलंय."

"मग पाडा."

फोनमधून पाण्याचा सपकारा ऐकू आला. साहेबांनी खिडकीतून आभाळाकडे नजर टाकली. तिथे औषधालाही ढग नव्हता. पडद्यावर नवा आकडा यायला थोडा वेळ लागे. मग निळ्या ठिपक्याशेजारचा आकडा टुणकन वर उडाला.

"योगायोग," साहेब म्हणाले.

"अहो, आता थांबा. मी सांगेपर्यंत एक थेंब नको."

पडद्यावर पुन्हा नवी नोंद आली. आकडा जागचा हलला नाही.

"आता पुन्हा पाडा. दणकून!"

आकडा असा उसळला की कोपऱ्यात बसलेल्या टंकलेखिकेने तोंडाला रुमाल लावला. साहेब खुर्चीतून उठले. त्यांचे कान लाल झाले होते.

"हा गुन्हा आहे! सरकारी उपकरणात ढवळाढवळ! मी तक्रार नोंदवीन तुमच्यावर!"

"नोंदवा ना," आत्या म्हणाल्या आणि समोरची खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या. "आत्ताच नोंदवा. मी सही करते. फक्त नीट लिहा, की या गल्लीत पडला तो पाऊस नव्हता, या बाईने ओतलेलं पाणी होतं. तुमच्याच सहीने लिहा. मग मी बघते, तो निळा ठिपका आराखड्यात कसा राहतो ते."

साहेबांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. गुन्हा नोंदवावा तर पाऊस जातो. पाऊस ठेवावा तर गुन्हा उरत नाही.

"आणि आणखी एक लिहा," आत्यांना आता थांबायचं नव्हतं. "भेंडी तिथे आधीपासून होती. यंत्र नंतर आलं. ज्याने जाळी ठोकली त्याने पलीकडे जायला वाट ठेवली असती, तर माझं पाणी कुंड्यांत गेलं असतं. देशाचा आराखडा करता, आणि गच्चीवर कोण काय करतं ते एकदा येऊन बघवत नाही? लोक तांब्याभर पाण्यात दिवस काढतायत आणि तुम्ही होड्या पाठवताय! मला आत टाका, खुशाल टाका. पण त्याआधी टँकर पाठवा."

फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. तो बंद करायचा राहूनच गेला होता. मागोमाग आतोबांचा आवाज आला, आता बारीक नव्हता. "साहेब, सही मी दिली होती. आत टाकायचं तर मलाही टाका!"

साहेब खाली बसले. मग त्यांनी टंकलेखिकेला चहा सांगितला, दोन कप. चहा येईपर्यंत त्यांनी वरच्या कचेरीला फोन केला आणि त्या गल्लीचे सगळे आकडे रद्द धरायला सांगितले. तिकडून कुणीतरी बराच वेळ काहीबाही बोलत होतं. साहेब "हो, माझीच चूक" एवढंच म्हणत होते, आणि ते म्हणताना त्यांची मान मात्र ताठ होती. आत्यांना ते आवडलं. त्यांनी साखर कमी असल्याची तक्रार केली नाही.

निळा ठिपका पिवळा झाला. टँकर पुन्हा येऊ लागला. यंत्र गच्चीवरून उचलून गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर नेलं, जिथे आसपास झाड नाही, भिंत नाही आणि भेंडीही नाही. जागा ठरवायला साहेब स्वतः उन्हात तंगडतोड करत हिंडले. आतोबा त्यांच्याबरोबर होते.

काही महिने गेले. एके दुपारी कुणाच्या ध्यानीमनी नसताना आभाळ भरून आलं आणि बघता बघता धो धो कोसळू लागलं. आत्या वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर धावल्या, तोच कमरेला खोचलेला फोन वाजला.

"आत्या, मी बोलतोय, हवामान कचेरीतून," साहेब जरा चाचरत म्हणाले. "माळावरचं यंत्र भलताच आकडा दाखवतंय. वर पाठवायचा आहे. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. तुम्ही... म्हणजे गैरसमज नको, पण तुम्ही तिकडे गेल्या होतात का?"

आत्यांच्या केसांतून पाणी निथळत होतं. शेजारच्या गच्च्यांवर बायका घरातली असतील नसतील ती भांडी मांडत होत्या, आणि समोरचे आजोबा पायऱ्यांवर बसून दोन्ही पाय पन्हळीखाली धरून हसत होते.

"नाही गेले," आत्या म्हणाल्या. "हा ढगातला आहे. बिनधास्त पाठवा. आणि आता ठेवा फोन, मला भिजायचंय."