उपग्रहाला लागलेलं माझं वळण

ही दोन हजार एकवीस सालची गोष्ट. माझ्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि भिंतीवरची मुंगीसुद्धा मला नाकी-डोळी नीटस दिसत होती!

सूनबाईच्या ऑफिसचा उपग्रह वर जायचा होता. तो जमिनीचे फोटो काढून तिथल्या तिथे तपासणार, ढगाळ असतील ते टाकून देणार आणि स्वच्छ तेवढेच खाली पाठवणार. पण ढग कसा असतो, हे त्याला आधी शिकवायला हवं. त्यासाठी जुन्या फोटोंमधल्या ढगांवर कुणीतरी खुणा करायच्या होत्या.

"माणसं कमी पडताहेत, आई."

"मी आहे की! जन्मभर डाळ निवडली, ढग काय चुटकीसरशी निवडीन!"

निवडले. पांढरं दिसलं की ढग! कोपऱ्यात टिपूस दिसला तरी अख्खा फोटो बाद! मुलगा मागून म्हणाला, "अगं, तो बर्फ असेल."

"असू दे. संशयाचं काही नको."

उपग्रह वर गेला आणि रुसून बसला. एक फोटो खाली पाठवील तर शपथ! सूनबाईचं जेवणखाण सुटलं. शेवटी तिचे साहेब घरी आले. पैसे देणारे पाहुणे लवकरच येणार होते; त्यांना फोटो दाखवता आला नाही, तर प्रकल्प गुंडाळणार होते. त्यांनी माझ्या खुणा पाहिल्या.

"आजी, ही बोट आहे!"

"पांढरी आहे ना?"

"आणि हा गोदामाचा पत्रा!"

"चकाकतोय किती मेला!"

साहेबांनी कपाळ धरलं. सूनबाई हळूच म्हणाली, "यंत्र बिघडलेलं नाही, साहेब. हुबेहूब सासूबाईंवर गेलंय."

मग आम्ही दोघींनी शेजारी बसून सगळ्या खुणा तपासल्या. सुधारलेली शिकवण वर गेली. पाहुण्यांसमोर पडद्यावर पहिला फोटो उतरला. नदी, पूल, शेतं! टाळ्यांचा कडकडाट! साहेबांनी डोळे पुसले.

"कोपऱ्यात ढग राहिलाय," मी म्हणाले.

सूनबाईने असा चिमटा काढला म्हणता!

मुख्य पाहुणे मात्र हसले. "राहू द्या, आजी. नदी दिसतेय ना?"

प्रकल्प वाचला.

साहेब आता निवृत्त होऊन मधमाश्या पाळतात. उपग्रह काम संपवून वरच्या वर जळून गेला; मला उगीच चुटपुट लागली. सूनबाई मोठी अधिकारी झाली. पुढच्या उपग्रहाच्या वेळी मी चष्मा पुसून तयारच होते. तिने माझ्यासमोर लॅपटॉप आणून ठेवला.

"आई, सिनेमा लावलाय. निवांत बघा."