मलाप्पाची सात मेंढरं

मलाप्पा कॉम्प्युटरला शीळ घालून उठवतो. मी स्वतः पाहिलं आहे. कराडात माझ्या मागच्या खोलीत तो चार वर्षं भाड्याने राहतो, माझ्याच हातचं जेवतो आणि दूध संघाचा सर्व्हर सांभाळतो. माणूस जतकडचा, घरची मेंढरं. मी चौथी शिकलेली. सर्व्हर म्हणजे काय ते त्यानेच सांगितलं.

"आक्का, आत सात मेंढरं हायती. एक वजन घेतंय, एक फॅट बघतंय, एक पावती काढतंय. आधी म्होरक्या सोडायचा. त्यो उठला न्हाई तर बाकीची दारातच गुत्तत्यात."

म्हणजे सात प्रोग्रॅम. पहाटे आणि दुपारी, दूध यायच्या आधी, ते ओळीने चालू करायचे. दूध संपलं की उलट्या ओळीने बंद; म्होरक्या शेवटी. हे सगळं मलाप्पा हाताने करायचा, म्हणून चार वर्षांत तो कुठे मुक्कामाला गेला नाही.

जतला त्याची आई एकटी. मोतीबिंदू इतका पिकला, की तिला दाराची कडी सापडेना. मिरजेच्या दवाखान्याने दिलेली तारीख दोनदा हुकली. तिचं एकच, "मल्लू जवळ बसंल तवाच डोळ्याला हात लावू दीन."

"आरं, माझ्या लेकाची विहिरीवरची मोटार लाईट आली की आपसूक चालू हुतीया," मी म्हणाले. "तुझ्या मेंढरास्नी काय धाड भरलीय?"

ते त्याला लागलं. त्याने सर्व्हरवर वेळापत्रक लावायचं सॉफ्टवेअर बसवलं. वेळ झाली की ते पहिलं उठवतं, ते उठलं याची खात्री करतं, मग दुसरं. पहिल्याच दिवशी सगळं बिनचूक झालं. तरी मलाप्पा पहाटे निघाला.

"आता कुठं?"

"उठत्यात का बघाया."

महिनाभर हेच. राखणीला राखण.

खांडेनवमीला संघात पूजा होती, मीही गेले. दुपारचं दूध आरतीनंतर घ्यायचं होतं. हत्याराला विसावा म्हणून मलाप्पाने सातही हाताने बंद केली, झेंडूची माळ घातली. वेळापत्रकाला मात्र सांगायचं विसरला. आरती निम्म्यात आली आणि चार वाजले. प्रिंटर खडखडला. नारळामागून सगळं चालू झाल्याची चिठ्ठी बाहेर आली. संघाचे साहेब आरतीचं ताट घेऊनच मागे वळले.

"मलाप्पा, हे काय रं?"

त्याने खाली मान घालायची, तर तो हसत होता. "सायेब, मी बंद केल्याली. मला न इचारता उठली."

दसरा झाला आणि तो आईला घेऊन मिरजेला गेला. संध्याकाळी माझा फोन वाजला. सर्व्हरचा मेसेज होता: सातही आत. म्हणजे सातही बंद झाली. दुसऱ्या दिवशीही तोच. मला वाटलं, चुकून येतोय.

चौथ्या दिवशी मायलेक आले. म्हातारी काळा चष्मा लावून माझ्या स्वयंपाकघरात बसली.

"मला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली. "पर ह्यो रोज सांजंला मेसेज धाडतोय. फोन वाजला की समजायचं, पोरगं घरला निगालं. मग मी भाकरी खायाची."

मी मलाप्पाकडे वळले. "मग ह्या वक्ताला त्या सॉफ्टवेअरात माझा नंबर का घातलास?"

"आय तर माझ्याजवळच हुती, आक्का. मेंढरं आत आल्याली कुणाला तरी कळाया नको?"

मी कपबशा उचलल्या.

म्हातारी आता सुईत दोरा ओवते, आणि मलाप्पा महिन्याला जतला जाऊन येतो. मेसेज मला अजून येतो. नंबर काढ असं मी त्याला सांगितलेलं नाही. फोन वाजला की तवा ठेवते. आधी टाकलेली भाकरी मलाप्पाच्या ताटात गार पडते आणि नावं तो मला ठेवतो.