देवस्थळीकाकांचा थॉर्नबेकचा बंगला

देवस्थळीकाका कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करतात. दारावर नाही, भिंतीवर. बेल वाजवायचं काम त्यांच्या सुनेचं, रश्मीचं. दार उघडेपर्यंत काकांनी बोटाच्या पेराने बाहेरच्या विटा ठोकून, कान लावून, निदान करून ठेवलेलं असतं.

आमच्या गृहप्रवेशाला तर गुरुजींचा संकल्प चालू होता. मी पाटावर, उजव्या हातात पळीभर पाणी, आणि मागून हॉलच्या भिंतीवर टकटक, टकटक. सगळ्या पाहुण्यांच्या माना वळल्या.

"पोकळ आहे," काकांनी निकाल दिला. "आत लाकडाच्या पट्ट्या आणि कापूस. वय काय म्हणालात?"

"कोणाचं, काका?"

"घराचं."

"नवीनच आहे. मागच्या महिन्यात चावी मिळाली."

"म्हणजे अजून दुपट्यात आहे," काका म्हणाले, आणि वाकून त्यांनी भिंतीला, खरोखर एखाद्या बाळाला थोपटावं तसं, थोपटलं. गुरुजी हसले. रश्मी मात्र लाल झाली आणि पुढचा तासभर स्वयंपाकघराबाहेर आली नाही.

आता मेलबर्नच्या टोकाला, आमच्या पॉइंट कुकमध्ये सगळीच घरं दुपट्यातली. काल शेत होतं, आज रस्ता, उद्या घरं, परवा त्यात पुण्या-मुंबईची माणसं. अशा ठिकाणी जुन्या इमारतींचं वेड असलेला माणूस येऊन पडावा ही काकांची आणि आमची, दोघांचीही परीक्षाच होती. काकू गेल्यावर मुलाने त्यांना पुण्याहून इकडे आणलं. वय सत्तरीच्या पुढे, अंगात उन्हाळ्यातसुद्धा कोट, आणि बोलण्याची सुरुवात ठरलेली: "आमच्या थॉर्नबेकला..."

थॉर्नबेक हे इंग्लंडमधलं एक खेडं. काकांचे वडील तिथे जवळच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि काकांचं लहानपण, निदान त्यातलं जेवढं ते सांगतात तेवढं, सगळं तिथलं. थॉर्नबेकच्या चर्चवरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा वादळात वाकला होता आणि वारा कुठूनही आला तरी तो कसायाच्या दुकानाकडेच बघायचा. पबचं दार इतकं बुटकं की पोस्टमन टोपी काढून आत जायचा. पूल इतका अरुंद की समोरून गाई आल्या तर बस थांबायची आणि कंडक्टर खाली उतरून गाईंशी बोलायचा. हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलंय की थॉर्नबेकला नेऊन सोडलं तर मी डोळे मिटून पोस्टापर्यंत जाईन.

पण खरा विषय बंगला. "आमचा बंगला," काका म्हणायचे, आणि त्यांचा आवाज बदलायचा. दगडी. छपरावर धुराड्यांची रांग. मधोमध घड्याळाचा मनोरा. समोर लांबच लांब व्हरांडा, त्याच्यापुढे उतरतं हिरवळीचं मैदान, आणि शेवटी लोखंडी फाटक. साध्या ड्राफ्ट्समनला मनोऱ्याचा बंगला कसा काय, हा प्रश्न आम्हा सगळ्यांच्याच मनात यायचा. पण म्हाताऱ्या माणसाला असं कोण विचारणार? आम्ही एकमेकांकडे बघून भुवया उडवायचो, एवढंच.

काकांना बाहेर नेणं म्हणजे मान खाली घालून घरी येण्याची तयारी ठेवणं. एकदा विल्यम्सटाउनला त्यांना जुनं चर्च दाखवायला नेलं. तिथे लग्न लागलं होतं. नवरा-नवरी पायरीवर, फोटोग्राफर "स्माइल" म्हणतोय, आणि मागे काका भिंतीला गाल लावून उभे. कोणी हटकलं तर म्हणाले, "यू कॅरी ऑन. मी फक्त दगडाशी बोलतोय." ते लोक सभ्य होते, नो वरीज म्हणाले. मी गाडीत जाऊन बसलो. कुठल्यातरी ऑस्ट्रेलियन जोडप्याच्या अल्बममध्ये आज देवस्थळीकाका आहेत, कोटासकट.

"आत जायचं का, काका? आतून छान आहे म्हणे," बायकोने, अनघाने, विचारलं.

"आत काय बघायचं? इमारत बाहेरूनच बघायची असते."

दुसरी खोड खिडक्यांची. कोणाच्याही घरी जावं, गप्पा मारता मारता उठावं आणि एकेक खिडकी उघडत सुटावं. जुलैच्या थंडीत, हीटर चालू असताना. "हवा खेळती पाहिजे. आमच्या बंगल्याच्या खिडक्या बर्फातसुद्धा उघड्या असत." रश्मी मागून एकेक खिडकी बंद करत यायची आणि कोणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. "सॉरी हं," ती हळूच म्हणायची. आमच्याकडे आल्यावर तिने जितक्या वेळा सॉरी म्हटलं असेल तितक्या वेळा चहा घेतला नसेल.

तर एका रविवारी दुपारी आमच्या बॅकयार्डात बार्बेक्यू होता. आमची नेहमीची सात-आठ मराठी घरं, आणि कोपऱ्यावरच्या घरातला केन. केन म्हणजे कुत्र्याला फिरवताना सगळ्यांशी बोलणारा गोरा म्हातारा. तरुणपणी इंग्लंडहून इथे आला, लाकडाच्या वखारीत आयुष्य काढलं. अनघाला त्या आठवड्यात बोलता बोलता कळलं होतं की तो थॉर्नबेकच्या शेजारच्या गावचा. तिला इतका आनंद झाला की तिने काकांना मुद्दाम काही सांगितलं नाही. सरप्राइज.

"काका, हे केन. ओळखा कुठले. तुमच्या थॉर्नबेकच्या शेजारचे."

काकांच्या हातात मक्याचं कणीस होतं. ते हातातच राहिलं.

केन खूश झाला. वाकड्या कोंबड्याची आठवण त्यालाही होती. पूल आता पाडला म्हणाला. काका फक्त मान डोलवत होते. एरवी आम्हाला तासतासभर थॉर्नबेक ऐकवणारा माणूस खरा साक्षीदार भेटल्यावर गप्प, याची मला तेव्हा गंमतच वाटली. तेवढ्यात आमच्यातलाच एक जण म्हणाला, "केन, यांचा तिथे मोठा बंगला होता. घड्याळाचा टॉवर वगैरे."

"घड्याळाचा टॉवर?" केनने विचार केला. "टॉवर एकाच इमारतीला होता. थॉर्नबेक हॉल. पण तिथे कोणी राहायचं नाही, मेट. ते टीबीचं हॉस्पिटल होतं. बर्फ पडला तरी खिडक्या सताड उघड्या. आम्ही पोरं त्याच्यासमोरून नाक दाबून पळायचो. श्वास घेतला तर आपल्याला होईल म्हणून."

त्याने नाक दाबून दाखवलं, आणि लोक हसले. हसण्यासारखंच दिसत होतं ते. कोणीतरी मराठीत म्हणालं, "घ्या, काकांचा बंगला सरकारी निघाला." त्यावर आणखी हसू झालं. मीही हसलो.

काकांनी कणीस प्लेटमध्ये ठेवलं, प्लेट टेबलावर ठेवली, पेपर नॅपकिनने हात पुसले. "छान झालंय सगळं, अनघा," ते म्हणाले आणि बाजूच्या फाटकातून निघून गेले. रश्मी उठली. या वेळी ती सॉरी म्हणाली नाही. तिने आमच्याकडे एकदा बघितलं आणि सासऱ्यांच्या मागे गेली. केनला काय झालं ते कळेना. तो मला विचारत राहिला, "मी काही चुकीचं बोललो का?" अनघाने जेवण तसंच झाकून ठेवलं.

त्यानंतर काका दिसेनात. संध्याकाळचा फेरा बंद, मराठी मंडळाचा कार्यक्रम चुकवला. दोन-तीन शनिवार गेल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ते मागच्या अंगणात मटार सोलत बसले होते. मी बाजूची खुर्ची ओढली आणि मीही मटार सोलायला घेतले.

"आई होती तिथे," काका मटारांकडे बघतच म्हणाले. "क्षय झाला होता तिला. मी सात वर्षांचा. आम्ही बेकरीवरच्या दोन खोल्यांत राहायचो, मी आणि दादा."

दादा म्हणजे त्यांचे वडील. त्यांच्या दोन बहिणी, म्हणजे काकांच्या आत्या, पुण्यात लग्नाच्या होत्या. घरात क्षय आहे हे कळलं असतं तर त्यांना कोणी पत्करलं नसतं. म्हणून दादांनी पुण्याला कळवलं की आम्ही मोठ्या बंगल्यात राहायला गेलो आहोत. वर बंगल्याचा फोटोही पाठवला, बाहेरून काढलेला. आणि मुलाला बजावलं, कोणीही विचारलं तरी हेच सांगायचं.

"पुण्याला परत आलो तर सगळे बंगल्याबद्दलच विचारायचे. आई बरी होऊन आली होती. तीही सांगायची, आमचा तिकडचा बंगला असा, आमचा तिकडचा बंगला तसा. ती जाईपर्यंत तेच सांगत होती. तिला लाज वाटायची रे आजाराची. मग मला तिच्या लाजेची लाज वाटायची. आणि आता तर..." त्यांनी शेंग मोडली. "आता तर बंगल्याशिवाय मला दुसरं काही सांगताच येत नाही."

"मुलाला माहीत आहे?"

"त्याच्या आईलासुद्धा नव्हतं."

मी मटारांच्या सालांकडे बघत राहिलो. आम्ही उडवलेल्या भुवया मला आठवत होत्या आणि मान वर करवत नव्हती.

तेवढ्यात रश्मी केनला घेऊन मागच्या दारातून आली. तो टोपी हातात धरून उभा राहिला. त्याने रश्मीला विचारलं असावं, आणि तिने काय सांगितलं असेल ते असेल.

"त्या दिवसाबद्दल सॉरी म्हणायला आलोय," तो म्हणाला.

काका उठून उभे राहिले. वर्गात उभं राहावं तसे, हात बाजूला. मग इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाले, "माझी आई होती त्या हॉस्पिटलमध्ये."

रश्मी दाराला टेकली. तिला हे आत्ताच कळत होतं.

"मुलांना आत सोडायचे नाहीत," काका पुढे म्हणाले. "दादा आत जायचे. मी फाटकाशी थांबायचो. गावातली पोरं नाक दाबून माझ्यासमोरून पळायची."

केनचा चेहरा पडला. तो म्हणाला, "त्यात मी असेन."

"असशील."

"फाटकाशी कोणी मुलगा उभा असायचा, हे आठवत नाही मला. आम्ही वर बघायचोच नाही. खाली मान घालून पळायचो."

"त्या बायका व्हरांड्यात खाटांवर असायच्या. वर खिडक्यांतही. तुम्ही पळताना दिसायचात त्यांना."

मी केनला माझी खुर्ची दिली. तो बसला, त्याने थोडा वेळ मटारांच्या ढिगाकडे बघितलं, आणि मग एक शेंग उचलून सोलायला लागला. काकाही बसले.

"तुझी आई कुठल्या खिडकीत असायची?" केनने विचारलं.

"ते कधी कळलंच नाही," काका म्हणाले. "फाटक फार लांब होतं. सगळ्यांचे गाऊन सारखे. आई कुठली ते दिसायचं नाही. म्हणून मी सगळ्या खिडक्यांना हात करायचो."

"मग?"

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दारातल्या रश्मीकडे. आणि शेवटचं वाक्य त्यांनी मराठीत सांगितलं. केनला ते कळलं नसणार, पण अर्थ विचारायला त्याने मान वर केली नाही.

"मग काय, सगळ्याच हात करायच्या."