टेकळीच्या गढीवर वादळ पडिले त्याची हकीकत

पवनदेवाचे चरणी मस्तक ठेवोन, घडले तैसे लिहिले असे. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सरे, वैशाख मास. उंच माळावरील त्या राज्यात डोंगर नाही, झाड नाही, आणि वैशाखात आभाळ काळे होऊन सोंड खाली सोडी, ती घरेदारे उचलोन नेई. सबब महाराजांनी वादळामागे स्वार ठेविले होते. त्यांनी वादळाचा पाठलाग करावा, रोख ओळखावा आणि पुढील गाव उठवावे. त्यांत सुभानजी धायबर मुख्य. त्यांचा शब्द म्हणजे लोकांस जिवाचा आधार.

त्या दिवशी दोन प्रहरी पश्चिमेस आभाळ दाटले, आणि सुभानजी जोडीदार गोंदाजीस घेऊन निघाले, आणि गारांनी घोड्यांच्या पाठी सोलल्या तरी दौड सोडिली नाही, मग सोंड उतरताना दिसली. रोख नीट कुसळी गावावर. सुभानजी आडवाटेने पुढे होऊन कुसळीत पातले आणि मानाजी पाटलांस बोलिले, "गाव सोडा. टेकळीच्या गढीत जा. भिंती जाड आहेत."

पाटील म्हणाले, "पक्कं ना, राव?"

"पक्कं."

मग अवघा गाव लेकरेबाळे घेऊन निघाला. चिमाबाई नामे म्हातारी मात्र उंबऱ्यावर बसोन राहिली. म्हणाली, "म्हैस आजच व्यालीय. तिला टाकून कशी येऊ?"

सुभानजी बोलिले, "आई, जीव राहिला तर म्हैस पुन्हा मिळेल. ऊठ."

"तू म्हणतोस तर येते," ऐसे बोलोन ती उठली, आणि सुभानजींनी तिला आपले घोड्यावर घेऊन गढीत पोहोचविले, आणि पुन्हा माळावर आले.

तों सोंड जागीच घुमत उभी, मग हलली. गोंदाजी हळूच म्हणाला, "राव, रोख फिरला."

"नाही फिरला."

"फिरला. गढीकडे चाललीय."

मग सुभानजींनी घोडा फेकिला, आणि ओरडत चालिले, आणि वाऱ्याने शब्द तोंडातच मोडिला, आणि डोळ्यांदेखत गढीच्या मातीच्या भिंती आत बसल्या. सांज होईतो हातांनी माती उपसली. चिमाबाई सापडली, तिचे कुशीत कोणाचे तरी लेकरू, दोघेही गेलेली. कुसळीत मात्र एक कौल हलले नव्हते. चिमाबाईचे गोठ्यात पारडू उभे राहोन दूध पीत होते. मानाजी पाटील वाचले. ते रागे भरले नाहीत. इतकेच बोलिले, "तुम्ही सांगितलंत, आम्ही गेलो."

महाराजांनी दोष वाऱ्यावर ठेविला, सुभानजींस वस्त्रे दिली आणि कामावर राहण्याची आज्ञा केली. पुढे ज्येष्ठात वादळ उठले, आणि सुभानजी त्याचे पुढे एका गावी पातले, आणि लोक बोचकी घेऊन चावडीपुढे जमले.

"राव, कुठं जायचं?"

सुभानजी पुष्कळ वेळ आभाळाकडे पाहात राहिले. मग बोलिले, "मला ठाऊक नाही." आणि घोड्याचे खोगीर उतरवोन त्याला मोकळे सोडिले, आणि त्या लोकांमध्ये मांडी घालोन बसले. मग वादळ आले.

येणेप्रमाणे सुभानजी त्या गावासह गेले. महाराजांनी वादळामागील स्वार मोडीत काढिले. माळावर वादळे पूर्ववत येतात. लेखनसीमा.