वाघमोडे सरांचा फ्रीजरमधला डबा

आमच्या शेजारचे वाघमोडे सर कुणाच्याही घरी गेले की आधी पाण्याची टाकी उघडून बघतात. माणसांची विचारपूस नंतर. टाकीत गोगलगाय निघाली की स्वारी खूश!

सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मूळचे नातेपुत्याकडचे. राहतात एकटेच. घरात भांड्यांपेक्षा बरण्या जास्त. "ल्हानपणी मेंढरामागं पळलो, आता गोगलगाईमागं. ही जरा हळू पळती, तेवढंच बरं," म्हणतात. पण साधी गोगलगाय त्यांना चालत नाही. परदेशातून येऊन उजनी धरणाच्या पाण्यात ठाण मांडलेलीच हवी. तिच्या अंगात कुठला नवा विषाणू आहे, हा त्यांचा ध्यास. "पाव्हणा आला की पाव्हण्याचा पाव्हणाबी येतो की! त्याचं नाव-गाव इचारायला नको व्हय?"

उन्हाळ्यात त्यांचा फ्रीज बंद पडला आणि सर डबा छातीशी धरून आमच्या दारात. पुण्याला तपासायला पाठवायच्या गोगलगायी! मी मुकाट आईस्क्रीम बाहेर काढलं. सासूबाईंनी डब्यावर चिठ्ठी चिकटवली : 'सरांचं आहे. श्रीखंड नव्हे.'

तेव्हापासून रोज सहाला सर हजर. फ्रीजरमध्ये थर्मामीटर ठेवायचा, वहीत आकडा लिहायचा, मग चहा, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि तासभर विषाणू. माझी मालिका बुडायची. त्यांचा फ्रीज दुरुस्त झाला तरी डबा आमच्याकडेच!

दिवाळीच्या तोंडावर मी वैतागून म्हटलं, "सर, आता न्या बाई तो डबा."

सरांचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ द्या की अजून चार दिवस."

दुसऱ्या दिवशी फ्रीजर पुसताना डबा हातातून निसटला, झाकण उडालं. आत एकही गोगलगाय नव्हती; सरांनी त्या कधीच पुण्याला धाडल्या होत्या. होतं फक्त प्लास्टिकच्या पिशवीत पुण्याचं पत्र : नमुने तपासले, विषाणू नवाच आहे, अभिनंदन. पत्र चार महिन्यांपूर्वीचं.

सर जन्मभर ज्या विषाणूमागे धावले तो सापडला, आणि या माणसानं कुणाला सांगितलं नाही! सांगितलं असतं तर डबा न्यावा लागला असता. मला माझीच लाज वाटली.

पत्र होतं तसं ठेवलं, झाकण लावलं, डबा जागेवर सरकवला.

सहाला सर आले, दारातच थबकले. "डबा... काढला का?"

"छे हो! आहे तिथंच आहे. या, चहा टाकलाय."

त्यांनी थर्मामीटर बघितला, आकडा लिहिला. "ठणठणीत हाय सगळं."

"असेल हो," मी म्हटलं, "पण रोज बघत जा, सर. आम्हाला त्यातलं काही कळत नाही."